शोधमार्गाचा हिशेब

संगणकास आज्ञा देताना आपण तिचे केवळ नाव लिहितो; त्या नावाची फाईल कोणत्या निर्देशिकेत आहे हे सांगण्याच्या भानगडीत पडत नाही, आणि तरीही निमिषार्धात आज्ञा अमलात येते, त्यामुळे त्या निमिषार्धाच्या पोटात किती चौकश्या झाल्या, किती ठिकाणांहून नकार आले आणि अखेर होकार कोठे मिळाला याचा विचार करण्याचे प्रयोजन सहसा कोणास वाटत नाही. यंत्र चपळ असते तोवर हे अज्ञान क्षम्यही असते. परंतु जो संगणक काल मुकाट्याने कामे उरकीत होता तो आज प्रत्येक आज्ञेपूर्वी अडखळतो, नवे यंत्र आणूनही ते अडखळणे जात नाही, आणि प्रोसेसर, स्मृती व डिस्क यांपैकी कोणावरही दोष ठेवता येत नाही, अशा वेळी निर्देशिकांची मांडणी आणि शोधमार्ग या दोन दुर्लक्षित बाबींचे दप्तर उघडून पाहणे इष्ट होय.

प्रस्तुत विवेचनाचा रोख मुख्यतः लिनक्स वापरणाऱ्या वाचकांकडे आहे. विंडोजविषयी आवश्यक तेवढे स्वतंत्रपणे सांगितले आहे. सार आरंभीच सांगावयाचे तर ते असे, की शोधाचा खरा खर्च जेथे वस्तू सापडत नाही तेथे होतो. म्हणून शोधमार्ग किती लांब आहे यापेक्षा त्यातील नकार देणाऱ्या जागा किती दूर आहेत, या प्रश्नाचे महत्त्व अधिक आहे.

चौकशीची रीत

शोधमार्ग ‘पाथ’ नावाच्या चलात असतो; त्यात निर्देशिकांची नावे अपूर्णविरामाने विभक्त करून लिहिलेली असतात. विंडोजमध्ये त्याच कामी अर्धविराम योजतात. आज्ञेचे नाव हाती येताच आज्ञा स्वीकारणारा कार्यक्रम, म्हणजे शेल, ही यादी डावीकडून वाचू लागतो, प्रत्येक निर्देशिकेत त्या नावाची, चालविण्यास योग्य अशी फाईल आहे काय हे विचारतो, आणि पहिला होकार मिळताच थांबतो. यादीत आठ निर्देशिका असून इष्ट फाईल आठवीत असेल तर सात नकार पदरी घेतल्याखेरीज काम होत नाही, आणि नाव लिहिण्यात चूक झाली असेल तर आठही ठिकाणचे नकार घेऊन ‘आज्ञा सापडली नाही’ हा निरोप मिळतो. दप्तरखान्यातील कारकुनास कागदाचे ठिकाण न सांगता कपाटांचा क्रम तेवढा लिहून दिला, तर शेजारच्या सहा कपाटांत व्यर्थ हात घालण्यास त्याला फारसा वेळ लागत नाही. पण सातवे कपाट परगावच्या कचेरीत असेल तर प्रत्येक कागदासाठी त्याला तेथवर खेप घालावी लागते, आणि साऱ्या दिरंगाईचे मूळ त्या एका खेपेत असते.

शेलची प्रत्येक चौकशी कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे जाते, आणि कर्नेल मार्गनामाचा एकेक घटक क्रमाने सोडवितो. ‘/यूएसआर/लोकल/बिन/गिट’ या नावात चार घटक आहेत. प्रत्येक पायरीवर नाव शोधणे आणि प्रवेशाचा अधिकार तपासणे ही दोन्ही कामे होतात. हा उद्योग दरवेळी डिस्कवर जाऊन करावा लागता तर संगणक वापरणे दुःसह झाले असते. म्हणून लिनक्सचा कर्नेल सोडविलेली नावे स्मृतीत जपून ठेवतो, आणि त्याहून विशेष असे की अमुक निर्देशिकेत अमुक नावाची फाईल नाही, हा नकारसुद्धा तो नोंदवून ठेवतो. त्यामुळे स्थानिक डिस्कवरील निर्देशिकेत तोच व्यर्थ शोध दुसऱ्यांदा केल्यास त्याचा खर्च मायक्रोसेकंदांत मोजण्याइतका अल्प असतो.

बॅश शेल याहून एक पाऊल पुढे जातो: एकदा सापडलेल्या आज्ञेचा पूर्ण मार्ग तो आपल्यापाशी टिपून ठेवतो आणि पुढल्या वेळी यादी वाचीतच नाही. नव्याने बसविलेला कार्यक्रम डोळ्यांसमोर असताना शेल जुन्याच ठिकाणचा चालवितो, हा घोळ याच टिपणामुळे होतो. अशा वेळी ‘हॅश -आर’ ही आज्ञा दिली की टिपण रद्द होते. सी-शेलच्या वापरकर्त्यांना ‘रीहॅश’ द्यावे लागते, त्याचे कारणही जातीचे हेच. मात्र हे टिपण त्या त्या शेलपुरतेच असते; नवीन सुरू झालेला शेल कोऱ्या पाटीने आरंभ करतो, आणि म्हणून हजारो लहान शेल जन्मास घालणाऱ्या बांधणीच्या किंवा चाचणीच्या कामात या सोयीचा लाभ जवळजवळ शून्य होतो.

मांडणीचा वारसा

आजच्या निर्देशिकांची रचना कोणी एका बैठकीत योजून केलेली नाही. युनिक्स पीडीपी-११ यंत्रावर नांदू लागले त्या १९७१ च्या सुमारास पहिल्या डिस्कवर व्यवस्थेचे कार्यक्रम मावेनासे झाले, तेव्हा वापरकर्त्यांच्या फायली ज्या दुसऱ्या डिस्कवर होत्या तेथे, म्हणजे ‘/यूएसआर’ खाली, ते पसरले, असे या विभागणीच्या उगमाविषयी सांगतात. ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ हे द्वैत तेथून आले आणि डिस्कची टंचाई सरल्यावरही दीर्घकाळ टिकले. लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांत एकवाक्यता असावी म्हणून १९९४ मध्ये निर्देशिकांच्या मांडणीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले, आणि त्याचीच पुढील परंपरा २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत आली. दरम्यान फेडोराने २०१२ मध्ये, आपल्या सतराव्या आवृत्तीत, हे द्वैत मोडून ‘/बिन’ला ‘/यूएसआर/बिन’कडे बोट दाखविणारा केवळ एक दुवा केले, आणि डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून हीच व्यवस्था अनिवार्य केली.

या इतिहासातून व्यवहाराचा एक निष्कर्ष निघतो. ज्या यंत्रावर ही दोन नावे एकाच जागेची आहेत तेथे शोधमार्गात दोन्ही लिहिणे म्हणजे एकाच दारावर दोनदा थाप मारणे होय. त्यापासून होणारी हानी नगण्य आहे, आणि वितरणाने स्वतःच तशी यादी दिली असेल तर ती बदलण्यासाठी धडपडण्याचे कारण नाही. पण स्वतःची यादी नव्याने लिहीत असाल तर एकच पुरे.

निर्देशिकेत फायलींची गर्दी झाल्याने शोध मंदावतो, ही समजूतही पूर्वकालीन आहे. जुन्या फाईल-व्यवस्थांत निर्देशिका आरंभापासून अंतापर्यंत वाचावी लागे, आणि १९८६ च्या ‘४.३ बीएसडी’ युनिक्समध्ये नावांसाठी स्वतंत्र स्मरणकोश घालण्यात आला तो मार्गनामे सोडविण्याच्या वाढत्या खर्चामुळेच. डॉसच्या जगातही १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीने उपनिर्देशिका आणि ‘पाथ’ आणले, आणि १९८७ च्या ३.३ आवृत्तीस ‘फास्टओपन’ नावाचा, फायलींची ठिकाणे लक्षात ठेवणारा, साहाय्यक द्यावा लागला. आजच्या एक्सटी४, एक्सएफएस व एनटीएफएस या व्यवस्था मोठ्या निर्देशिकांची अनुक्रमणिका वृक्षरूपाने ठेवतात. त्यामुळे ‘/यूएसआर/बिन’ मध्ये काही सहस्र फायली असल्या तरी एका नावाचा शोध त्यामुळे खोळंबत नाही. अर्धे नाव लिहून टॅब कळ दाबली असता मात्र शेलला निर्देशिकांची संपूर्ण यादी वाचावी लागते, आणि तेथे गर्दीचा परिणाम जाणवतो. स्वतःच्या कार्यक्रमासाठी लक्षावधी फायली साठवावयाच्या असतील तर त्या एका जागी न रचता विभागून ठेवाव्यात. गिट आपल्या वस्तू नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून जास्तीत जास्त २५६ उपनिर्देशिकांत वाटून ठेवते, तो कित्ता गिरविण्याजोगा आहे.

दूरच्या जागा

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत व संशोधन-संस्थांत वापरकर्त्याची गृहनिर्देशिका पुष्कळदा स्वतःच्या यंत्रावर नसून जाळ्यावरील सर्व्हरवर असते, आणि वापरकर्ता हौसेने आपली ‘बिन’ निर्देशिका यादीच्या अग्रभागी लिहितो. परिणामी अगदी ‘एलएस’सारख्या आज्ञेसाठीही प्रथम सर्व्हरकडे विचारणा होते. अशा दूरस्थ फायली पुरविणाऱ्या एनएफएस या व्यवस्थेच्या लिनक्सवरील मूळ तजविजीनुसार निर्देशिकेविषयीची माहिती कमीत कमी ३० आणि जास्तीत जास्त ६० सेकंद ग्राह्य धरली जाते, म्हणून प्रत्येक आज्ञेस खेप पडत नाही. पण मुदत संपली की पुन्हा पडते, आणि सर्व्हर बंद पडला असेल तर एनएफएसच्या मूळ रीतीप्रमाणे यंत्र उत्तराची अनिश्चित काळ वाट पाहत बसते. यंत्र जिवंत आहे, पडद्यावर अक्षरेही उमटताहेत, पण एकही आज्ञा चालत नाही, असे लक्षण दिसल्यास शोधमार्गाच्या अग्रभागी दूरस्थ निर्देशिका आहे काय हे आधी पाहावे.

जेथे शेकडो यंत्रे एकाच सामायिक साठ्यावर चालतात तेथे हा दोष गुणाकाराने वाढतो. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर काम करणाऱ्या संशोधकाने सहस्रावधी प्रक्रिया एकाच क्षणी सुरू करणारे काम दिले, आणि त्यातील प्रत्येक प्रक्रिया पायथनचे घटक व सामायिक लायब्ररी एकामागून एक निर्देशिकांत शोधू लागली, तर साठ्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर लक्षावधी चौकश्या एकदम कोसळतात आणि प्रत्यक्ष गणितास आरंभ होण्यापूर्वीच मिनिटे निघून जातात. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने ‘स्पिंडल’ हे साधन याच कारणासाठी घडविले: एका प्रक्रियेने शोधावे आणि उत्तर इतरांना वाटून द्यावे.

विंडोजमध्ये लिनक्स चालविणाऱ्यांस याचाच एक घरगुती अवतार भेटतो. डब्ल्यूएसएल ही सोय विंडोजचा संपूर्ण शोधमार्ग लिनक्सच्या यादीस शेवटी जोडून देते. त्यामुळे नाव चुकले किंवा टॅब दाबली की शोध सरहद्द ओलांडून विंडोजच्या फायलींत जातो, आणि ही सरहद्द ओलांडणे महाग असते. विंडोजचे कार्यक्रम तेथून चालविण्याची गरज नसेल तर ‘/ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ’ या फाईलीत, ‘इंटरॉप’ या विभागाखाली, ‘अपेंडविंडोजपाथ’ हे मूल्य ‘फॉल्स’ करून डब्ल्यूएसएल पुन्हा सुरू करावे.

सामायिक लायब्ररींचा शोध

आज्ञेची फाईल सापडल्याने शोध संपत नाही, किंबहुना पुष्कळ वेळा मोठा शोध तेथून सुरू होतो. कारण बहुतेक कार्यक्रम अनेक सामायिक लायब्ररींवर अवलंबून असतात आणि त्या जुळवून देणाऱ्या जोडणीकारास, म्हणजे डायनॅमिक लिंकरला, प्रत्येकीचे ठिकाण निश्चित करावे लागते. सामान्यतः तो प्रथम ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलातील निर्देशिका पाहतो, मग कार्यक्रमाच्या फाईलीत कोरलेला मार्ग, मग ‘एलडीकॉन्फिग’ने तयार करून ठेवलेले सूचिपत्र, आणि सर्वांत शेवटी ठरीव निर्देशिका. सूचिपत्रातून उत्तर मिळाले तर ते चटकन मिळते. पण चलात चार निर्देशिका लिहून ठेवल्या असतील तर चाळीस लायब्ररी लागणाऱ्या कार्यक्रमास एकशे साठ नकारांचे धनी व्हावे लागते, आणि प्रोसेसरच्या क्षमतेनुसार असलेल्या उपनिर्देशिकाही लिंकर तपासतो म्हणून प्रत्यक्षातील आकडा याहून वाढू शकतो.

एखादे सॉफ्टवेअर चालेना म्हणून कोणीतरी हे चल प्रवेशाच्या फाईलीत, म्हणजे शेल सुरू होताना वाचतो त्या फाईलीत, कायमचे लिहून ठेवतो, ते सॉफ्टवेअर पुढे बरखास्त होते, आणि चल मात्र सर्व कार्यक्रमांवर अंमल गाजवीत राहते. ही सवय टाळावी. निर्देशिका खरोखर सर्वांसाठी असेल तर ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ मध्ये तिची नोंद करून ‘एलडीकॉन्फिग’ चालवावे. एकाच कार्यक्रमासाठी असेल तर बांधणीच्या वेळी मार्ग त्याच्या फाईलीतच कोरावा, अथवा त्या कार्यक्रमाभोवती लहानशी लिपी (स्क्रिप्ट) लिहून चलाचा अंमल तेवढ्यापुरता मर्यादित ठेवावा.

मार्ग कोरणे हा उपायही सर्वस्वी निर्दोष नाही. गिक्स व निक्स या वितरणांत प्रत्येक पॅकेज आपापल्या स्वतंत्र निर्देशिकेत राहते, साहजिकच कोरलेले मार्ग लांबलचक होतात आणि मोठ्या कार्यक्रमांच्या आरंभी नकारांचे वादळ उठते. गिक्सने २०२१ मध्ये प्रत्येक पॅकेजपुरते स्वतंत्र सूचिपत्र देण्याची तजवीज करून ते शमविले. मांडणी कितीही शिस्तीची असली तरी शोधाचे उत्तर कोठेतरी आगाऊ लिहून ठेवावे लागते, ही गोष्ट या उदाहरणावरून ध्यानी येते.

विंडोजची रीत

विंडोजमध्ये आज्ञेच्या नावास प्रत्यय जोडून पाहावा लागतो आणि ‘पाथएक्स्ट’ या चलात मूळचे अकरा प्रत्यय असतात. वीस निर्देशिका व अकरा प्रत्यय यांच्या गुणाकाराने उमेदवार नावांची संख्या २२० होते. एका जागेवरील नावे एकत्र विचारण्याची काटकसर काही कार्यक्रम करतात, सर्वच करीत नाहीत. डीएलएल फायलींचा शोध मात्र प्रथम कार्यक्रमाच्या स्वतःच्या निर्देशिकेत व नंतर ‘सिस्टम३२’ मध्ये होतो, आणि ‘पाथ’ची पाळी सर्वांत शेवटी येते, सबब त्या यादीची छाटणी केल्याने कार्यक्रमांचा आरंभ नाट्यमयरीत्या वेगवान होईल अशी आशा बाळगू नये. काढावयाच्या त्या मृत नोंदी, आणि विशेषतः जाळ्यावरील ड्राइव्हकडे जाणाऱ्या. यादी बदलताना ‘सेटएक्स’ ही आज्ञा वापरू नये, कारण ती १०२४ अक्षरांपुढील मजकूर छाटून टाकते. पर्यावरण-चलांची खिडकी उघडून बदल करावा.

आधी मोजमाप

फेरफार करण्यापूर्वी दोष सिद्ध झाला पाहिजे. प्रथम यादीतील एकेक निर्देशिका स्वतंत्र ओळीवर छापून पाहावी. पुनरुक्ती, अस्तित्वात नसलेल्या जागा आणि दूरस्थ जागा तेवढ्यानेच उघड्या पडतात. नंतर शंकित आज्ञेवर ‘टाइप -ए’ चालवावे, म्हणजे त्या नावाचे किती दावेदार आहेत आणि कोणाची सरशी होते ते कळते. त्यानंतर ‘एसट्रेस’ या साधनाने फाईलविषयक चौकश्यांचे टिपण घ्यावे व त्यात ‘अशी फाईल अथवा निर्देशिका नाही’ अशी उत्तरे किती आणि कोणत्या ठिकाणांहून आली, प्रत्येकास किती वेळ लागला, हे पाहावे. भाषांच्या व सेटिंगच्या फायली शोधतानाही असे नकार येतात, तेव्हा प्रत्येक नकार शोधमार्गाच्या माथी मारू नये. लायब्ररींसाठी ‘एलडी_डीबग’ या चलास ‘लिब्ज’ हे मूल्य देऊन कार्यक्रम चालविला असता लिंकर आपली सारी पायपीट स्वतःच सांगतो. विंडोजमध्ये ‘व्हेअर’ ही आज्ञा आणि प्रोसेस मॉनिटर हे साधन हीच कामे करतात.

मोजमाप दोनदा घ्यावे: एकदा यंत्र नुकतेच सुरू झाल्यावर आणि एकदा तेच काम लागोपाठ दुसऱ्यांदा करताना. पहिल्या वेळीच वेळ लागत असेल तर तो बहुधा डिस्कवरून वाचण्याचा आहे व शोधमार्ग बदलून त्याचे निवारण होणार नाही. दोन्ही वेळी सारखाच लागत असेल तर दूरस्थ जागेवर किंवा मध्यस्थ लिपीवर संशय घ्यावा. निरनिराळ्या आवृत्त्या सांभाळणारी ‘पायएन्व्ह’, ‘आरबीएन्व्ह’ यांसारखी साधने खऱ्या कार्यक्रमापुढे अशी लिपी उभी करतात, आणि ती चालविण्यास जो वेळ लागतो त्यापुढे डझनभर नकारांचा खर्च क्षुल्लक ठरतो.

पाळावयाचे नियम

क्रमाचा प्रश्न प्रथम अर्थाचा आहे आणि नंतर वेगाचा. ‘/यूएसआर/लोकल/बिन’ पुढे असते ते स्थानिक व्यवस्थापकाने बसविलेली आवृत्ती सरस ठरावी म्हणून. वेगाच्या लोभाने ती मागे टाकली तर आज्ञा तीच राहून कार्यक्रम बदलेल. चालू निर्देशिका, म्हणजे एकटा बिंदू, यादीत कधीही नसावी, आणि दोन अपूर्णविरामांमधील रिकामी जागाही तोच अर्थ देते हे विसरू नये. ज्या निर्देशिकेत इतरांना लिहिता येते तेथे कोणीही ‘एलएस’ नावाचा दगाबाज कार्यक्रम ठेवू शकतो.

प्रवेशाच्या फाईलीत यादी वाढविताना, ती निर्देशिका आधीच यादीत आहे काय हे तपासण्याची अट घालावी, अन्यथा शेलच्या पोटी शेल सुरू होताना यादी दरवेळी फुगते. झेडशेलमध्ये ‘टाइपसेट -यू पाथ’ एवढे लिहिल्याने पुनरुक्ती आपोआप गळते. वेळापत्रकाने चालणाऱ्या कामांस क्रॉन स्वतःची आखूड यादी देतो, म्हणून अशा लिपीच्या पहिल्या ओळींतच शोधमार्ग स्पष्ट लिहावा. ठिकठिकाणी पूर्ण मार्ग लिहिण्यापेक्षा ते सुटसुटीत असते व दुसऱ्या यंत्रावर नेताना एकाच जागी बदल करावा लागतो. दूरस्थ निर्देशिका अपरिहार्य असेल तर ती शेवटी ठेवावी.

व्यवस्थेच्या मूळ निर्देशिका हलवू नयेत. ‘/व्हार’ किंवा ‘/होम’ वेगळ्या विभागावर ठेवल्याने एक भरला असता दुसरा गुदमरत नाही, हा लाभ खरा. वेग मात्र ते विभाग वेगळ्या उपकरणांवर असले तरच वाढतो.

या सर्वांपैकी एकच काम करण्यास सवड असेल तर प्रवेशाच्या फायली उघडून ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ची ओळ कोणी, कशासाठी लिहिली याचा शोध घ्यावा, आणि दुसरे करण्यास सवड मिळाली तर ‘पाथ’मधील दूरस्थ नोंदी मागे साराव्यात. बदलापूर्वी त्या फायलींची प्रत काढून ठेवावी, एका वेळी एकच बदल करावा, आणि जुनी खिडकी बंद न करता नव्या खिडकीत त्याची परीक्षा घ्यावी, म्हणजे यादी बिघडली तरी दुरुस्तीची वाट मोकळी राहील.